‘पुसू नये’ लिहिलेल्या कॅसेटी: टेपवरची लहानपणीची कार्टून्स कॉम्प्युटरवर उतरवताना

आमच्या घरी एका व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवर बाबांच्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने लिहिलंय: ‘मोगली. पुसू नये.’ खाली दोनदा रेघ ओढलेली. अशी एखादी कॅसेट तुमच्याही माळ्यावर असेल, आणि कधीतरी ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी असं मनात येत असेल. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हे करून पाहिलं, आणि जवळपास सगळ्यांनी एकाच ठिकाणी चूक केली. ऑनलाइन कॅप्चर डाँगल (व्हीसीआरचं चित्र आणि आवाज यूएसबीतून कॉम्प्युटरमध्ये घेणारी छोटी जोडणी) मागवला, माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढून फडक्याने पुसला आणि तीच लाडकी कॅसेट पहिल्यांदा आत ढकलली. व्हीसीआरने टेप खाल्ली.

पंचवीस-तीस वर्षं न फिरलेली टेप आणि तितकीच वर्षं बंद असलेलं मशीन यांची गाठ थेट घालायची नसते. आधी टेप, मग मशीन, मग कॉम्प्युटर हा क्रम पाळा. निम्मं काम त्यातच होतं.

१. कॅसेटी खाली काढा, पण लावू नका

हे काम पावसाळ्यात सुरू करू नका. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर दिवाळीनंतरची कोरडी हवा येईपर्यंत थांबलेलं बरं. कॅसेटी माळ्यावरून आणल्या की ज्या खोलीत काम करायचं तिथे निदान एक पूर्ण दिवस ठेवून द्या. गार जागेतून आणलेल्या टेपवर बारीक दव धरतं, आणि ओलसर टेप व्हीसीआरमधल्या फिरत्या ड्रमला चिकटते. दमट वाटतात म्हणून त्या पापडासारख्या उन्हात मांडू नका, आतली फीत वाकडी होते. खोक्यात कुणी डांबरगोळ्या टाकल्या असतील तर त्याही काढून टाका.

मग प्रत्येक कॅसेट उजेडात धरून बघा:

- खिडकीतून दिसणारं रीळ काळं, गुळगुळीत आणि एकसारखं दिसायला हवं. त्यावर पांढरे ठिपके, भुकटी किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे.
- डाव्या बाजूचं बटण दाबून पुढचं झाकण उचला. फीत चुरगळलेली, दुमडलेली किंवा कडेला चुणी पडलेली आहे का ते बघा. फितीला बोट लावू नका.
- पाठीच्या कडेला एका टोकाला प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. ती शाबूत असेल तर आत्ताच तोडा. आधी तोडून नंतर सेलोटेप चिकटवलेली असेल (आपल्याकडे हे घरोघरी व्हायचं) तर ती सेलोटेप काढा.
- लेबल, पाठ आणि कव्हर यांचे मोबाइलवर फोटो घ्या. कॅसेटला नंबर द्या. नंबर कव्हरवर लिहा, जुन्या लेबलवर नाही.

सावधान: बुरशी लागलेली एकही कॅसेट मशीनमध्ये घालू नका. ती बुरशी हेडला (टेपवरचं चित्र वाचणारा भाग) आणि रोलरांना लागते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. अशी कॅसेट झिपच्या पिशवीत घालून वेगळी ठेवा. हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला, कारण ती भुकटी श्वासातून आत जाणं चांगलं नाही.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर ठरवून टाका: कॅसेट कुठून आली? भारतात आणि आखाती देशांत रेकॉर्ड झालेली टेप बहुतेक पॅल पद्धतीची असते, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतल्या मामाने तिथल्या टीव्हीवरून रेकॉर्ड करून आणलेली टेप मात्र एनटीएससीची, सेकंदाला जवळपास ३० चित्रांची. कव्हरवर ई-१८० असेल तर साधारणपणे पॅल, टी-१२० असेल तर एनटीएससीची शक्यता. पण कोरी टी-१२० इथे आणून तिच्यावर दूरदर्शन रेकॉर्ड केलेलं असू शकतं, म्हणून खात्री टेप चालवल्यावरच होते. दोन्हींचे वेगळे ढीग करा. एनटीएससीचा ढीग शेवटी घ्या.

२. मोडक्या कॅसेटीची दुरुस्ती

कॅसेटचं खोकं फुटलंय किंवा आतली स्प्रिंग निसटलीय, पण फीत चांगली आहे, असं असेल तर फीत दुसऱ्या खोक्यात हलवता येते. हे घरी जमतं. कमी महत्त्वाची, स्क्रूने जोडलेली एक कॅसेट बळी द्यायला घ्या.

दोन्ही कॅसेटी उलट्या ठेवून खालचे पाच स्क्रू काढा. वरचा आणि खालचा भाग हाताने धरून ठेवा आणि कॅसेट सुलट करा. मगच वरचं झाकण सरळ उचला. उचलल्याबरोबर फोटो काढा: फीत कोणत्या खुंटीच्या आतून जाते, कोणत्या रोलरच्या बाहेरून वळते, स्प्रिंग कुठे बसते. पाच मिनिटांनी यातलं काही आठवत नाही. दोन्ही रिळं एकत्र, फीत सैल न सोडता उचलून नव्या खोक्यात ठेवा, फोटोप्रमाणे फीत ओवा, झाकण बसवा आणि स्क्रू हलके आवळा.

फीत टोकाशी तुटली असेल तर बहुतेक वेळा पारदर्शक पट्टी रिळाच्या चिमट्यातून सुटलेली असते. ती पुन्हा चिमट्यात बसवली की झालं. मध्येच तुटली असेल तर घरातली सेलोटेप वापरू नका. तिचा डिंक पाझरतो आणि फिरत्या हेडवर जाऊन बसतो. यासाठी वेगळी स्प्लायसिंग टेप मिळते. ती फितीच्या आतल्या बाजूला लावायची, कारण हेडला घासणारी बाजू बाहेरची असते.

तपासा: खालच्या मधल्या भोकात पेन्सिलीचं बोथट टोक घालून कुलूप सोडवा आणि रीळ बोटाने एक-दोन फेरे फिरवा. अडकत असेल तर पुन्हा उघडा. मशीनच्या मोटरला ते काम देऊ नका.

३. मशीन

व्हीसीआर आता नवा मिळत नाही. शेवटपर्यंत बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे घरचा, नातेवाइकांचा किंवा जुन्या बाजारातला, एवढेच पर्याय उरतात. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेणार असाल तर खिशात एक टाकाऊ कॅसेट ठेवा आणि तिथेच लावून बघा. प्ले, पुढे पळवणं, मागे घेणं, बाहेर काढणं, सगळं दोनदा करा. बाहेर आलेल्या कॅसेटचं झाकण उचलून फितीची कड बघा. नवी चुणी दिसली तर मशीन घेऊ नका. फक्त प्ले करणारा व्हीसीपी मिळाला तर उत्तमच, त्यावर चुकून रेकॉर्ड होण्याची भीती नाही. अमेरिकेतून आणलेलं मशीन ११० व्होल्टचं असू शकतं. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका.

हेड साफ करणं हा सगळ्यात नाजूक भाग आहे आणि इथे घाई नको. प्लग काढा. वरचं पत्र्याचं झाकण उघडा. आत चकचकीत, थोडा तिरपा बसलेला ड्रम दिसेल. त्याच्या खालच्या कडेच्या फटीत खसखशीच्या दाण्याहून लहान हेड असतात. शामवा (मऊ, धागे न सुटणाऱ्या) चामड्याची काडी, किंवा जाड गुळगुळीत कागदाची घडी, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करा. ती ड्रमला हलकी टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवा. फिरायचं ते ड्रमने, काडीने नाही. काडी वर-खाली नेली की हेड तुटतं. कापसाचा बोळा वापरला तर धागा हेडमध्ये अडकतो. कोरी नोट घासून हेड साफ करायची जुनी युक्ती ऐकली असेल, ती सोडून द्या. कागदावर तपकिरी काळी रेघ उमटेल. ती उमटायची बंद होईपर्यंत नव्या कागदाने करा. रबरी रोलर किंचित ओल्या कापडाने पुसा, अल्कोहोलने भिजवू नका, रबर कडक होतं. नंतर अर्धा तास वाळू द्या.

तपासा: टाकाऊ कॅसेट अर्धा तास चालवा. पडद्यावर मुंग्या कमी झाल्या, आवाज घरंगळत नाही, आणि कॅसेट बाहेर काढल्यावर फीत सपाट आहे, एवढं झालं तरच पुढे जा.

४. जोडणी

व्हीसीआरच्या मागे चित्राचं पिवळं आणि आवाजाचं पांढरं (काहींत लालही) भोक असतं. तिथून वायर डाँगलला जोडा. अँटेनाच्या भोकातून घेतलेलं चित्र आणखी खराब येतं, ते टाळा. बऱ्याच जुन्या मशीनला आवाजाचं एकच भोक असतं. मग रेकॉर्डिंगमध्ये एकाच कानात आवाज येतो, त्यात बिघाड काही नाही. एकाचे दोन करणारी वाय वायर लावा.

यूएसबी हब मध्ये घालू नका, डाँगल थेट लॅपटॉपला लावा. आणि व्हीसीआरचं चित्र मोठं करून एचडीएमआयने देणारी स्वस्त डबी घेऊ नका. ती चित्र स्वतःच्या मनाने ताणते आणि हलणाऱ्या कडा खराब करते. ते नंतर दुरुस्त होत नाही.

५. कॉम्प्युटरची तयारी

पॅलच्या ढिगासाठी डाँगलच्या सेटिंगमध्ये पॅल-बी निवडा. एनटीएससी राहिलं तर चित्र काळंपांढरं येतं किंवा वर सरकत राहतं, आणि लोक व्हीसीआरला दोष देत बसतात.

पुढे दोन रस्ते आहेत. नीट जपायचं असेल तर विंडोजवर व्हर्च्युअलडब हा प्रोग्राम वापरून ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चित्रं, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचे दोन अर्धे भाग, म्हणजे फील्ड, असलेली) तशीच ठेवून हफवाययूव्ही या विनाघट, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या, कोडेकमध्ये घ्या. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते. एवढी जागा किंवा चिकाटी नसेल तर ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम चालेल, पण त्याची आधीपासूनची सेटिंग बदलायलाच हवी. कॅनव्हास ७६८ गुणिले ५७६ करा आणि चित्र त्यात पूर्ण ताणून बसवा, वेग ५० पॅल ठेवा, सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसमध्ये (फील्ड वेगळी करून पूर्ण चित्रं बनवणारी सेटिंग) याडिफ २एक्स निवडा. फाइल एमकेव्ही ठेवा. वीज गेली तर अर्धवट एमकेव्ही उघडते, एमपी४ बहुधा उघडत नाही. कॅनव्हास १९२० गुणिले १०८० आणि वेग ३० तसाच ठेवून केलेली रेकॉर्डिंग मी इतकी पाहिली आहेत की चित्र अडखळत चाललेलं दिसलं की आधी हेच विचारते.

आवाज ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी ठेवा.

लॅपटॉप चार्जरवर, झोपायची सेटिंग बंद, अपडेट बंद, इतर सगळं बंद. फाइल आतल्या डिस्कवरच घ्या. बाहेरची डिस्क वापरायचीच असेल तर ती फॅट३२ नाही ना हे बघा, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबतं.

तपासा: टाकाऊ कॅसेटचं दहा मिनिटं रेकॉर्डिंग करून बघा. धावणारं पात्र पुढे-मागे थरथरतंय? ओबीएसमध्ये फील्डचा क्रम उलटा करा.

६. आता ती कॅसेट

कॅसेट घाला. प्ले करण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा आणि पूर्ण मागे घ्या. इतकी वर्षं एकाच ताणात बसलेलं रीळ त्याने सैल होऊन पुन्हा एकसारखं गुंडाळलं जातं. पळवताना मशीनचा आवाज बदलला, करकरलं, तर लगेच थांबवा.

व्हीसीआरच्या मेनूत निळा पडदा बंद करता येत असेल तर करा. सिग्नल थोडा कमजोर झाला की मशीन निळा पडदा दाखवतं आणि खाली असलेलं धूसर चित्र कायमचं हुकतं.

आधी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू करा, मग प्ले दाबा. पहिल्या दोन मिनिटांत ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या रेकॉर्डिंगशी जुळवणारं बटण) फिरवून मुंग्यांचा पट्टा जितका खाली जाईल तितका न्या. ट्रॅकिंग नीट बसलं की टेप पुन्हा सुरुवातीला नेऊन पहिल्यापासून घ्या. एकाच कॅसेटवर दोन घरांच्या व्हीसीआरचं रेकॉर्डिंग असू शकतं, अर्धं आपलं, अर्धं शेजारच्या काकांचं. तिथे ट्रॅकिंग पुन्हा बसवावं लागतं. चित्राच्या अगदी तळाशी वाकडीतिकडी पट्टी दिसेल. ती प्रत्येक व्हीएचएस टेपवर असते, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड झाकली जायची, एवढंच.

सावधान: मध्ये पॉज करू नका. फीत थांबते पण हेड फिरतच राहतं आणि एकाच जागी घासतं.

तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात. पहिली पंधरा मिनिटं तरी समोर बसा. आणि कार्टून संपलं म्हणून थांबवू नका. रिकाम्या पाच-दहा मिनिटांनंतर दुसरंच काही सुरू होतं. आमच्या मोगलीच्या कॅसेटवर शेवटी अकरा मिनिटं मुंग्या आहेत आणि मग रविवार सकाळच्या एका भागाचा फक्त शेवट, आईने जेवायला हाक मारली म्हणून घाईने बंद केलेला. ही अकरा मिनिटं मी पहिल्या वेळी गाळली होती.

जाहिरातीही कापू नका. हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. ‘जंगल बुक’ ही मूळ जपानी मालिका. ती दूरदर्शनवर १९९३ मध्ये हिंदीत आली, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. मालिका आज दुसरीकडेही बघता येईल. पण त्या रविवारचं ते प्रसारण, निवेदिकेचं दोन वाक्यांचं निवेदन, मधल्या जाहिराती, बाबांनी जाहिरातीला पॉज करून थोडं उशिरा सोडल्याने हुकलेलं पहिलं वाक्य, हे फक्त तुमच्याच टेपवर आहे.

७. लगेच तपासणी

कॅसेट परत ठेवण्याआधी फाइल सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी हेडफोन लावून बघा. शेवटी ओठ आणि आवाज जुळत नसतील तर मध्ये चित्रं गळली आहेत. जिथे तेव्हा रेकॉर्ड करताना घरी पॉज केलं होतं तिथे सिग्नल तुटतो आणि तिथेच हे होतं. व्हीसीआर आणि डाँगलच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता जोडून बघा. काही मॉडेल सिग्नल स्थिर करून पुढे देतात.

पाठ असलेलं शीर्षकगीत ऐका. सूर खाली-वर होत असेल तर टेपचा वेग बिघडला आहे, आणि ते काम व्हीसीआरच्या रोलरवर पुन्हा जातं.

अमेरिकी मालिकांत दोन चित्रं एकमेकांत मिसळल्यासारखी सावली दिसली तर घाबरू नका. एनटीएससीचं पॅल करताना ती प्रसारणाआधीच आलेली असू शकते. चित्र अचानक काळं होऊन परत येत असेल तर काही डाँगल टेपवरच्या खराब सिग्नललाच कॉपीबंदी समजतात. दुसऱ्या डाँगलवर करून बघा.

८. दोन फाइली

विनाघट घेतलेली फाइल म्हणजे मूळ प्रत. तिच्यात कापाकापी, रंग, आवाजाची खरखर काढणं, काहीही करू नका. बघण्यासाठी हँडब्रेक या प्रोग्राममध्ये दुसरी करा: याडिफ, बॉब हा पर्याय, एच.२६४, गुणवत्ता १८ च्या आसपास, आकार ४:३. सोळा-नऊ करू नका. एका दुकानात आमची एक कॅसेट दिली होती. परत आलेल्या डीव्हीडीत चित्र आडवं ताणलेलं होतं आणि सगळी पात्रं बुटकी झाली होती, जाहिराती कापलेल्या होत्या, आणि मूळ फाइल त्यांनी ठेवलीच नव्हती. दुकानात देणार असाल तर आधी तीन गोष्टी लिहून घ्या: कापाकापी नको, ४:३ हवं, डीव्हीडीबरोबर मोठी मूळ फाइलही पेनड्राइव्ह किंवा डिस्कवर हवी.

घरच्या आठवणीसाठी प्रत ठेवणं वेगळं आणि पूर्ण भाग इंटरनेटवर टाकणं वेगळं. मालिकेचे हक्क दुसऱ्यांचे आहेत.

९. ठेवायचं कसं

फाइलला नाव देताना कॅसेटचा नंबर, अंदाजे वर्ष आणि लेबलवरचे शब्द जसेच्या तसे लिहा. लेबलचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तीन प्रती करा: दोन घरात वेगवेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. आमची तिसरी नाशिकला ताईकडे असते आणि दर दिवाळीला ती डिस्क लॅपटॉपला लावून उघडतेय ना ते बघते. घरी बर्न केलेल्या डीव्हीडीवर विसंबू नका.

टेप फेकू नका. पूर्ण मागे घेऊन, कव्हरात, पुस्तकासारखी उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही आणि स्पीकरजवळ नाही.

बघताना नव्या टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. हाताने काढलेल्या चित्रांच्या मध्ये तो स्वतःची चित्रं घालतो आणि झाडावरून उडी मारणारा मोगली पाण्यात तरंगल्यासारखा दिसतो.